कुलूप-किल्लीत न बसणारी गोळी : सिनाकॅल्सेट पेशीला नेमकं चिकटतं कुठे?

खडूफळा · रविवार, दुपारी

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. प्रश्न घरचा आहे. माझे वडील (आम्ही आप्पा म्हणतो), वय ७१, तीन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे सहाची पहिली पाळी. मध्यंतरी अंगाला खाज सुटायला लागली, पाठ आणि नडग्या ठणकायला लागल्या. पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक) तपासलं तर ११८६, फारच जास्त. डॉक्टरांनी सिनाकॅल्सेट ३० मिलिग्रॅम सुरू केली, रोज एक, जेवणासोबत.

ओपीडीत गर्दी होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "ही गोळी कॅल्शियमची नक्कल करते, त्यामुळे ग्रंथी गप्प बसते." घरी आल्यावर मी डबीतला पातळ कागद उलगडला. त्यात बारीक अक्षरांत 'अ‍ॅलोस्टेरिक' हा शब्द दिसला आणि तिथेच अडकले.

वर्गात संप्रेरकं शिकवताना मी डाव्या हाताचा वाडगा करते आणि उजवी मूठ त्यात बसवून दाखवते. संप्रेरक म्हणजे किल्ली, पेशीवरचा रिसेप्टर म्हणजे कुलूप. औषधं दोन जातींची सांगते: एक कुलूप उघडणारी बनावट किल्ली, दुसरी भोकात अडकून बसणारी मोडकी किल्ली. वीस वर्षं असंच शिकवत आले. आता वाचते तर ही गोळी त्या भोकात जातच नाही! मग बसते कुठे, आणि बाहेर बसून आतलं काम कसं करते?

दुसरं, ती जर कॅल्शियमची नक्कल करते, तर आप्पांचं रक्तातलं कॅल्शियम वाढायला हवं ना? ते उलट ९.१ वरून ८.५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर आलंय.

तिसरं म्हणजे रिपोर्टचा घोळ. महिन्याने पीटीएच पुन्हा केलं तर २१०! आम्ही देवापुढे साखर ठेवली. आठ दिवसांनी डॉक्टरांनी परत करायला लावलं तर ६४०. लॅब तीच. पहिल्या वेळी आप्पांनी सकाळी आठला नाश्त्याबरोबर गोळी घेतली होती आणि साडेदहाला रक्त दिलं होतं. दुसऱ्या वेळी गोळी घ्यायची राहिली होती. आता गोळी ६० केलीय. मला काळजी वाटते. कुणी समजावून सांगेल का?

नळी_आणि_सुई · रविवार, संध्याकाळी

ताई, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. आतलं शास्त्र जाणकार सांगतील, मी खुर्चीजवळचं सांगतो.

रिपोर्टमध्ये लॅबची चूक नाही. गोळी घेतल्यावर दोन ते सहा तासांत पीटीएच सगळ्यात खाली जातं आणि मग हळूहळू परत वर येतं. तुमचे अडीच तास म्हणजे नेमका खड्डा. म्हणून गोळी आणि रक्त यांत किमान १२ तास हवेत. आमच्या युनिटमध्ये आम्ही सगळ्यांना रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगतो. त्याने मळमळ पण कमी जाणवते, कारण माणूस झोपेत असतो. उपाशीपोटी देऊ नका, गोळी तोडूही नका.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. डोस वाढवलाय तर आप्पांना रोज विचारा: ओठांभोवती मुंग्या येतात का, बोटं आखडतात का, पोटऱ्यांत गोळे येतात का. म्हातारी माणसं आपणहून सांगत नाहीत. कॅल्शियम आठवड्याच्या आत एकदा बघून घ्या.

सातवेढे · सोमवार, रात्री

बाई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात शिकवतो आणि पीएचडी याच घराण्याच्या रिसेप्टरांवर केली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी ग्रंथी. मानेत थायरॉइडच्या मागे मसुराच्या डाळीएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना परावटू म्हणतात. त्यांचं काम एकच, रक्तातल्या कॅल्शियमवर नजर ठेवायची. कमी झालं की पीटीएच सोडायचं, मग हाडांतून कॅल्शियम सुटतं. पुरेसं झालं की हात आखडता घ्यायचा. ही नजर ठेवणारा रेणू म्हणजे कॅल्शियम सेन्सिंग रिसेप्टर. एडवर्ड ब्राऊन, स्टीव्हन हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली तो शोधून काढला. गाईच्या पॅराथायरॉइडमधला संदेशवाहक आरएनए काढून त्यांनी तो बेडकाच्या अंड्यांत टोचला. ज्या अंड्याला बाहेरचं कॅल्शियम 'कळायला' लागलं, त्यात हव्या त्या जनुकाचा संदेश आहे हे उघड झालं. मग संदेशांच्या वाटण्या करत करत त्या एका जनुकापर्यंत पोचले. मला आजही हा प्रयोग शिकवताना दरवेळी तेवढाच आनंद होतो.

आता तुमचा वाडगा आणि मूठ. या रिसेप्टरला ते चित्र लागू पडत नाही, आणि कारण किल्लीतच आहे. इन्सुलिन किंवा (साखर वाढवणारं) ग्लुकागॉन रक्तात इतकं थोडं असतं की त्याच्या कुलपाला घट्ट पकड लागते. कॅल्शियमचा आयन मात्र इवलासा, आणि रक्तात त्याची रेलचेल. मोकळं कॅल्शियम साधारण १.१ ते १.३ मिलिमोल प्रतिलिटर. इथे घट्ट पकडणारं कुलूप ठेवलं तर ते कायम उघडंच राहील. ग्रंथीला हवं असतं ते १.२ आणि १.१ यांतला फरक ओळखणारं काहीतरी. म्हणून निसर्गाने पकड सैल ठेवली, पण बसायच्या जागा एकापेक्षा जास्त दिल्या आणि त्या एकमेकींना मदत करतील असं केलं. कॅल्शियम जरासं हललं की पीटीएच धाडकन खाली-वर होतं ते त्यामुळे.

दिसतो कसा? १०७८ अमिनो आम्लांची एक लांब साखळी. पेशीच्या बाहेर दोन शिंपलींचा मोठा शिंपला, त्याखाली मान, आणि मग पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जाणारे वेढे. (माझं इथलं नाव त्यावरूनच.) असे दोन रेणू जोडीने उभे असतात. कॅल्शियम वरच्या शिंपल्यात आणि आजूबाजूच्या सांध्यांत बसतं. शिंपला मिटतो, जोडीदार एकमेकांकडे सरकतात, ती हालचाल मानेतून खाली उतरते आणि आतल्या वेढ्यांची ठेवण बदलते. आवरणाच्या आतल्या बाजूला जी-प्रथिनं, म्हणजे निरोप आत पोचवणारी प्रथिनं, वाट बघत असतात. त्यांना ठेवणीतला बदल कळला की पेशीच्या आत कॅल्शियम सुटतं आणि पीटीएचच्या पिशव्या बाहेर पडायच्या थांबतात. बहुतेक ग्रंथींत आतलं कॅल्शियम वाढलं की संप्रेरक बाहेर पडतं, इथे नेमकं उलट. मुलांना हे सांगा, परीक्षेत न येणारी पण लक्षात राहणारी गोष्ट आहे.

सिनाकॅल्सेट या शिंपल्याकडे जातच नाही. ते तेलकट वळणाचं औषध आहे. ते खाली आवरणात, सात वेढ्यांच्या मधल्या पोकळीत शिरतं. तिथे ८३७ क्रमांकाचं अमिनो आम्ल, ग्लुटामेट, आहे, त्याच्या ऋण प्रभाराला औषधातला धन प्रभाराचा नायट्रोजन बिलगतो आणि दोन्ही बाजूंची कडी आसपासच्या तेलकट भिंतींना टेकतात. अ‍ॅलोस्टेरिक म्हणजे हेच: मूळ पाहुण्याच्या जागेपासून दूर, वेगळ्या जागी बसणं. ग्रीकमध्ये 'अ‍ॅलोस' म्हणजे दुसरा आणि 'स्टेरिऑस' म्हणजे घन, घट्ट. हा शब्द १९६१ मध्ये जाक मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी वापरात आणला, तेव्हा तो विकरांसाठी (एन्झाइमांसाठी) होता.

दूर बसून काम कसं होतं, याला आपल्याकडचा चांगला शब्द आहे, पाचर. फावड्याचा दांडा सैल झाला की खाचेत पाचर मारतो. माती पाचर उकरत नाही, फावडंच उकरतं, पण पाचरीमुळे दांडा एका ठेवणीत राहतो. रिसेप्टर सतत थरथरत असतो, झोपलेल्या आणि जाग्या ठेवणीत ये-जा करत असतो. सिनाकॅल्सेटची पाचर जाग्या ठेवणीच्या बाजूने बसते. मग वरून थोडंसं कॅल्शियम आलं तरी गाडी पुढे सरकते. २०२१ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने याची चित्रं मिळाली, त्यात एक सुंदर गोष्ट दिसली. जोडीतल्या एका रेणूत सिनाकॅल्सेट सरळ लांब पसरलेलं, तर दुसऱ्यात तेच वाकून बसलेलं. दोघे जुळे, पण जागे होताना सारखे राहत नाहीत.

तुमच्या डॉक्टरांचा 'नक्कल' हा शब्द या वर्गाच्या औषधांच्या इंग्रजी नावातूनच (कॅल्सिमिमेटिक) आलाय, पण मला तो पटत नाही. कॅल्शियम अजिबात नसेल तर ही गोळी जवळजवळ काहीच करत नाही. ती कॅल्शियमच्या जागी बोलत नाही. कॅल्शियमचं बोलणं ग्रंथीला अधिक स्पष्ट ऐकू येईल एवढंच करते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. घरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक डोळ्यांपुढे आणा. पाणी वर आलं की गोळा उचलला जातो, दांडी वर जाते, नळ बंद. कॅल्शियम म्हणजे टाकीतलं पाणी, पीटीएच म्हणजे येणारी धार. मूत्रपिंड निकामी झालं की फॉस्फरस साठतो, सक्रिय ड जीवनसत्त्व बनत नाही, ग्रंथी वर्षानुवर्षं ताणाखाली राहून फुगतात आणि त्यांच्यावरचे हे रिसेप्टरही कमी होतात. गोळा गंजला. पाणी काठाला आलं तरी नळ वाहतोच. आप्पांचं ११८६ हे ते वाहणं, आणि नडग्यांचं ठणकणं म्हणजे हाडं झिजून ते पाणी येतंय. सिनाकॅल्सेट दांडी खाली वाकवतं. आता पाणी आधीपेक्षा खाली असतानाच नळ बंद होतो. म्हणजे टाकीची पातळी खाली येणार, हे औषधाच्या कामातच आहे. ९.१ चं ८.५ झालं ते यामुळे. पण टाकी फारच रिकामी झाली तर दांडी कितीही वाकवा, गोळा लोंबकळतो आणि नळ थोडा उघडतोच. बनावट किल्लीत ही सोय नसती.

आणखी एक कारण आहे ज्यासाठी औषध शोधणारे मुद्दाम अशी दुसरी जागा धुंडाळतात. मूळ पाहुण्याची खोली घराण्यातल्या सगळ्या रिसेप्टरांत बरीचशी सारखी असते, कारण तिच्यात फेरबदल झाला तर शरीराचं कामच अडतं. आडबाजूच्या पोकळ्या प्रत्येकात वेगळ्या घडलेल्या असतात. तिथे बसणारं औषध शेजाऱ्याच्या घरात सहसा शिरत नाही.

पाणवठा · मंगळवार, सकाळी

सातवेढे सर, हे वाचताना अंगावर काटा आला. माझ्या आईचं, बहिणीचं आणि माझं कॅल्शियम कायम १०.८ ते ११ असतं. मला पॅराथायरॉइडची गाठ आहे म्हणून ऑपरेशनची तारीखही ठरली होती. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी २४ तासांची लघवी तपासायला लावली, त्यात कॅल्शियम फार कमी निघालं. मग जनुक तपासलं. याच रिसेप्टरमध्ये जन्मजात दोष. ऑपरेशन रद्द. म्हणजे आमच्या घरी बॉल कॉकची दांडी जन्मतःच वर वाकलेली आहे, असंच ना? इतकी वर्षं मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं.

सातवेढे · मंगळवार, दुपारी

अगदी तसंच. आणि मूत्रपिंडातही हाच रिसेप्टर असल्यामुळे तिथेही 'कॅल्शियम कमी आहे' असं समजून ते राखून ठेवलं जातं, म्हणून लघवीत कमी. अशा घरांत ग्रंथी कापून उपयोग होत नाही. त्या डॉक्टरीणबाईंचे आभार मानायला हवेत.

खडूफळा · गुरुवार, रात्री

आज जे झालं ते लिहिते.

सकाळी आप्पांना खुर्चीवर बसवलं. मशीन लावायच्या आधी उजव्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला (डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी, आहे). पट्टा फुगला आणि हवा सुटेना, काहीतरी अडकलं होतं. दोन-तीन मिनिटं तसाच राहिला. तेवढ्यात माझं लक्ष आप्पांच्या हाताकडे गेलं. मनगट आत वळलं, अंगठा तळव्याकडे ओढला गेला, आणि चारही बोटं सरळ ताठ होऊन टोकांशी एकत्र आली. रांगोळीची चिमूट धरावी तशी. आप्पा म्हणाले, "अगं, हात माझं ऐकेना." पट्टा सोडल्यावर हात हळूहळू मोकळा झाला.

नळी_आणि_सुई दादा, तुम्ही विचारायला सांगितलं होतंत म्हणून मी तिथेच विचारलं. तेव्हा कळलं की चार दिवसांपासून चहा पिताना ओठ बधिर वाटत होते. आप्पांना वाटलं चहा गरम असेल. कॅल्शियम तातडीने केलं, ७.३.

डॉक्टरांनी ईसीजी काढला. गोळी बंद केली, ड जीवनसत्त्व वाढवलं, डायलिसिसच्या द्रावातलं कॅल्शियम वाढवलं. ८ च्या वर गेलं आणि त्रास थांबला की पुन्हा ३० ने सुरू करू म्हणाले. आता आप्पा झोपलेत. मी मात्र त्या हाताचाच विचार करतेय. शिवाय तिथे एक जण म्हणत होते की गोळीऐवजी इंजेक्शन पण असतं. ते याच पोकळीत बसतं का?

नळी_आणि_सुई · गुरुवार, रात्री

ताई, त्या हाताच्या वळण्याला त्रूसोचं लक्षण म्हणतात, कॅल्शियम उतरल्याची खूण. आम्हाला शिकवतात, पण प्रत्यक्ष फार थोड्यांनी पाहिलेली असते. तुम्ही हात पाहिलात आणि ओठांचं विचारलंत, म्हणून ७.३ वर सापडलं. ईसीजी काढला ते उत्तम, कॅल्शियम उतरलं की हृदयाचा क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर) लांबतो.

सातवेढे · शुक्रवार, सकाळी

बाई, आप्पांना आराम पडो. 'टाकी रिकामी झाली की नळ थोडा उघडतो' असं मी लिहिलं होतं. ते खरं आहे, पण ओठ बधिर होण्याच्या आधी उघडेलच याची हमी नाही. हे मी तेव्हाच ठळकपणे लिहायला हवं होतं.

इंजेक्शनचं नाव एटेलकॅल्सेटाइड. युरोपात २०१६ च्या शेवटी आणि अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. ते वेढ्यांत शिरत नाही, बाहेरच्या भागात चिकटतं. छोटी पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची, साखळी आहे, आणि तिची मुख्य अमिनो आम्लं उजव्या-डाव्याच्या हिशेबात आपल्या शरीरातल्यांच्या उलटी, त्यामुळे शरीरातली विकरं तिला सहज तोडत नाहीत. रिसेप्टरच्या ४८२ क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी ती गंधकाच्या बंधाने जोडली जाते. म्हणजे पाचर नुसती ठोकलेली नाही, खिळाही मारलाय. डायलिसिस संपताना नळीतूनच देतात, आठवड्यातून तीनदा, कारण आधी दिलं तर मशीन ते काढून टाकेल. गोळ्यांनी उलटी होणाऱ्यांना किंवा गोळ्या चुकवणाऱ्यांना सोयीचं. कॅल्शियम उतरण्याचा धोका मात्र तिथेही आहे, आणि औषध शरीरात जास्त काळ राहत असल्याने एका रात्रीत मागे घेता येत नाही.

गोळीबद्दल एक खरी गोष्ट सांगतो, म्हणजे अपेक्षा बरोबर राहतील. ३८८३ डायलिसिस रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पीटीएच खाली आलं, पण मृत्यू आणि हृदयाच्या मोठ्या घटना यांत ठरवलेल्या मुख्य मोजणीने ठाम फरक सिद्ध झाला नाही. म्हणून माझं मत असं की आकड्याच्या मागे धावत डोस वाढवू नये. खाज, हाडांचं दुखणं, कॅल्शियम आणि फॉस्फरस, हे सगळं एकत्र धरून डॉक्टरांशी बोलावं.

वर्गात दुसरं उदाहरण हवं असेल तर ग्लुकागॉनचा रिसेप्टर घ्या. तिथे एका प्रायोगिक मधुमेहाच्या औषधाने उलटा खेळ केला. ते वेढ्यांच्या बाहेरच्या अंगाला, सहाव्या आणि सातव्या वेढ्यांच्या खोबणीत, आवरणाच्या चरबीत अर्धवट बुडून बसतं. रिसेप्टर जागा व्हायला सहावा वेढा बाहेर सरकावा लागतो, तोच ते अडवतं. ग्लुकागॉन वर येऊन बसलं तरी खाली दार हलत नाही. साखर उतरली, पण कोलेस्टेरॉल आणि यकृताची विकरं वाढली. नळ आवळायची जागा सापडली तरी त्या पाइपावर आणखी कोण पाणी भरतं ते बघावंच लागतं.

खडूफळा · पुढचा शुक्रवार, संध्याकाळी

कॅल्शियम ८.३. हात मोकळा आहे, ओठ ठीक आहेत. परवापासून ३० पुन्हा सुरू झाली. खाज थोडी आहेच.

बारावीच्या वर्गात वाडगा-मूठ दाखवून झाल्यावर मी एका मुलाला माझं कोपर बाजूने हलकं दाबायला सांगितलं, तर वाडग्याची बोटं आपोआप जवळ आली. तीन मुलांनी तास संपल्यावर थांबून विचारलं की हा रिसेप्टर सापडला कसा. बेडकाच्या अंड्यांचं सांगितलं.

उद्या पहाटे सहाला डायलिसिसच्या आधी पीटीएचसाठी रक्त काढणार आहेत. आज रात्री साडेनऊला जेवणानंतर गोळी देते, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

नळी_आणि_सुई · पुढचा शुक्रवार, संध्याकाळी

ताई, थांबा! साडेनऊ ते सहा साडेआठच तास होतात, १२ नाही. पहिल्या पाळीच्या पेशंटचं हे मी आधीच सांगायला हवं होतं. आत्ता युनिटला फोन करा आणि विचारा, की आजची गोळी न देता उद्या डायलिसिसनंतर जेवताना दिली तर चालेल का. आमच्याकडे तसंच करतात. आणि रक्ताच्या चिठ्ठीवर शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ लिहा.

खडूफळा · पुढचा शुक्रवार, रात्री

फोन केला, हो म्हणाले. गोळी डब्यात परत ठेवली. चिठ्ठीवर लिहिलंय: शेवटची गोळी गुरुवार, रात्री ९.३०.